फिल्टर बदलल्यानंतर ट्रक सुरू होत नसेल तर

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात हा प्रकार वरचेवर पाहायला मिळतो. चाकणहून माल भरून व्यवस्थित धावत आलेली गाडी डिझेल फिल्टर बदलण्यासाठी तासभर उभी राहते आणि नवा फिल्टर बसवून सेल्फ मारला की इंजिन नुसते फिरत राहते, पेट घेत नाही. मग पंप गेला, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी चोच) बसले, सेन्सर उडाला अशी निदाने भोवती जमलेल्यांकडून सुरू होतात. ती तूर्त बाजूला ठेवावीत. जी गाडी आपल्या पायांनी दुरुस्तीला आली, तिचा दोष बहुतेक वेळा पाना जिथे लागला तिथेच असतो, म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करावी.

त्याआधी सेल्फ मारत राहण्याची सवय आवरावी. एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक-दोन मिनिटे जाऊ द्यावीत, कारण सलग फिरवल्याने स्टार्टरची मोटर तापते, बॅटऱ्या उतरतात आणि मूळ दोष सापडला तरी गाडी सुरू करायला ताकद उरत नाही. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. सेल्फ मारताना मीटरवर 18 व्होल्टच्या खाली आकडा जात असेल, तर आधी बॅटऱ्यांची व्यवस्था करावी. इंजिन रेंगाळत फिरले तर डिझेल पोचूनही ते पेटणार नाही.

सेल्फ मारताना एकाने सायलेन्सरकडे लक्ष ठेवावे. पांढरट धूर येत असेल तर थोडेफार डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत आहे, फक्त ते पुरेसे नाही किंवा नीट जळत नाही, असे समजावे. धुराचा मागमूसही नसेल तर डिझेल वाटेतच अडले आहे. दुसरी शक्यता अधिक वेळा आढळते आणि तिचे कारण बहुधा लाइनमध्ये शिरलेली हवा हेच असते. डिझेल जवळजवळ दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते; त्यामुळे पंपाने लावलेला जोर हवेचा बुडबुडा आकसण्यातच खर्ची पडतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. कॉमन रेलच्या गाड्यांत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना (नोझलना) एकाच सामाईक नळीतून, रेलमधून, जास्त दाबाचे डिझेल मिळते तिथे, तर रेलमधला दाब ठराविक पातळीवर, म्हणजे कंपनीनुसार कमीजास्त पण साधारण 200 बारच्या आसपास पोचल्याशिवाय कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजेक्टरला हुकूमच देत नाही.

हवा काढताना टाकीकडून इंजिनकडे, याच क्रमाने जावे. टाकीत पुरेसे डिझेल आहे आणि टाकीखालचा कॉक उघडा आहे, हे आधी पाहावे. हे सांगणे पोरकट वाटेल, पण बंद राहिलेल्या कॉकने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करून हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप, मारत राहावे. सुरुवातीला फेस येतो, मग फुरफुरत बुडबुडे येतात आणि शेवटी डिझेलची अखंड धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा; आधी हात थांबवून मग स्क्रू आवळला तर तेवढ्यात हवा परत आत जाते. त्यानंतर पंपावरचा स्क्रू सैल करून हेच करावे. तरीही इंजिन पेटले नाही, तर या जुन्या गाड्यांत दोन-तीन नोझलच्या पाइपचे नट किंचित सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसताच ते आवळावेत.

कॉमन रेलच्या गाडीवर, म्हणजे सध्याच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) ट्रकवर, ही शेवटची युक्ती कधीही करू नये. त्या पाइपांमधला दाब एक हजार बारच्या कितीतरी पुढे जातो, आणि एवढ्या दाबाने निघालेली केसाएवढी धारसुद्धा कातडी भेदून डिझेल आत घुसवते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते. संशय आला तरी हळद लावून घरी न बसता थेट रुग्णालय गाठावे. या गाड्यांत फक्त कमी दाबाच्या बाजूची हवा काढायची असते: प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत मारावा, मग सेल्फ मारावा, पुन्हा प्रायमर मारावा. नवा फिल्टर रिकामा बसवू नये म्हणून कॅनमधले डिझेल त्याच्या मधल्या भोकातून ओतण्याची पद्धतही येथे घातक आहे, कारण ती बाजू गाळलेल्या डिझेलची असते आणि तिथून गेलेला कचरा सरळ पंपात आणि इंजेक्टरमध्ये पोचतो.

हवा काढली, गाडी मिनिटभर चालली आणि बंद पडली, तर हवा अजून कुठूनतरी शिरत आहे. येथे नवशिका मेकॅनिक फसतो, कारण तो डिझेल कुठे गळते ते शोधत बसतो. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या पुढच्या बाजूला दाब असल्याने तिथली फट डिझेल टपकवते. मात्र टाकी आणि फीड पंप यांच्यामधली बाजू ओढीची असते, तिथली फट बाहेरून कोरडी दिसते आणि आतून हवा ओढते. कित्येक वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी मी स्वतः असेच दोन तास घालवले. फिल्टर नवा, त्याची रिंग नवी, बोल्ट आवळलेले, कुठे थेंबही नाही. शेवटी हाताखालच्या पोराने फिल्टर खोलून, तो ज्यावर बसतो त्या हेडच्या कडेवरून नख फिरवले, तेव्हा जुन्या फिल्टरची काळी रबरी रिंग निघाली. डिझेलने फुगून ती हेडला अशी चिकटली होती की हेडचाच भाग वाटावी, आणि आम्ही तिच्यावर दुसरी रिंग बसवून फिल्टर आवळला होता. तेव्हापासून मी फिल्टर काढला की आधी जुनी रिंग हातात घेतो, मगच नव्याचे खोके फोडतो.

तांब्याच्या वॉशरचेही असेच आहे. बँजो बोल्टचा, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा, वॉशर एकदा दाबला गेला की तो परत नीट बसत नाही. काही रुपयांच्या वॉशरसाठी गाडी अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही जागा सापडत नसेल, तर फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडावी आणि प्रायमर मारून पाहावे. बुडबुडे धावताना दिसले की दोष नळीच्या टाकीकडच्या बाजूला आहे. मग पंपाची ओढीची नळी स्वच्छ कॅनमधल्या डिझेलमध्ये सोडावी. गाडी नीट चालली तर टाकी, टाकीतली नळी किंवा मधला पाइप यांतच काहीतरी आहे, उदाहरणार्थ टाकी धुताना आत राहिलेली चिंधी.

डिझेल अखंड येत असूनही सिलिंडरपर्यंत पोचत नसेल, तर वायरिंगकडे वळावे. फिल्टर काढताना पाणी दाखवणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर सोडलेला असतो, शेजारचा दुसरा हाताच्या धक्क्याने निघतो. जुन्या गाडीत इंजिन बंद करण्याची केबल अर्ध्यात अडकली आहे का, किंवा डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर निघाली आहे का, हे पाहावे. आवक आणि परतीच्या नळ्या अदलाबदल झाल्या नाहीत, याचीही खात्री करावी.

थंडीने डिझेल गोठले, हे कारण पुण्यात लावू नये. इथल्या हिवाळ्यात तेवढी थंडी पडत नाही. पावसाळ्यात मात्र डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरमधले पाणी सोडून पाहावे. आणि बीएस-6 गाडीत कोणी चुकून युरिया (धूर शुद्ध करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण) डिझेलच्या टाकीत ओतला असल्याची शंका असेल, तर चावीलाही हात लावू नये. टाकी आधी रिकामी करून घ्यावी. पेट्रोलचा बोळा हवेच्या नळीशी धरून इंजिन पेटवण्याचा उद्योग तर कुठल्याच गाडीवर करू नये.

गाडी सुरू झाली की लगेच खंबाटकी घाटाकडे काढू नये. दहा-पंधरा मिनिटे ती जागेवर चालवावी, प्रत्येक जोडावर कोरडे फडके फिरवावे आणि रात्री फिल्टरखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी पुठ्ठा कोरडा असूनही पहिल्या सेल्फला इंजिन जास्त वेळ फिरले, तर रातोरात डिझेल टाकीकडे उतरले आहे. मग ओढीच्या बाजूचे जोड पुन्हा उघडावेत.