गच्चीवर सौर वीज : ७८,००० रुपयांचे अनुदान अडकू नये म्हणून

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. चौथ्या किलोवॉटला काहीच नाही. पूर्ण अनुदान मिळते म्हणून सरसकट तीन किलोवॉट बसवू नका. आधी वीजबिल हातात घ्या.

किती किलोवॉट बसवायचे

मागच्या बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करून तिला १२ ने भागा. महाराष्ट्रात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला ११०-१२० युनिट देतो. महिन्याचा वापर २२० युनिट असेल, तर दोन किलोवॉट पुरेत. उन्हाळ्यात जास्तीची वीज नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि वीज कंपनीला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जमा होते आणि पावसाळ्यातल्या बिलांतून वळती होते. ३१ मार्चला मात्र हा हिशेब मिटतो. उरलेल्या युनिटांना तुम्ही वीज घेता त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा तोट्याची. स्थिर आकारही भरावाच लागतो, म्हणून बिल शून्य होईल या आश्वासनावर हिशेब मांडू नका.

एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची व कठड्याची सावली कुठे पडते ते पाहा. एका पॅनलवर सावली आली तरी त्याच ओळीत जोडलेल्या बाकीच्यांचेही उत्पादन घटू शकते.

अर्जाआधी नाव तपासा

वीजबिल, आधार आणि बँक खाते यांवर एकच नाव हवे. पुष्कळ घरांत मीटर अजून दिवंगत वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असतो. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मगच अर्ज करा. अनुदान अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे आणि काम झाल्यावर ते निस्तरणे फार जड जाते.

मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या वेगळ्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही. विक्रेता पोर्टलवर नोंदणीकृतच हवा. किमान तिघांकडून कोटेशन घ्या.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे

पॅनल डीसीआर, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले हवेत. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त पडतात, पण त्यांवर अनुदान मिळत नाही. पॅनलचे अनुक्रमांक बिलावर घ्या आणि माल उतरताच प्रत्यक्ष पॅनलशी ताडून पाहा. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची क्षमताही बघा. पॅनल आणि इन्व्हर्टर यांत जी क्षमता कमी, तीवर अनुदान ठरते. तीन किलोवॉट पॅनलांना दोनचा इन्व्हर्टर लावला, तर ६०,००० रुपयेच मिळतील.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. कोकणात खाऱ्या हवेमुळे याबाबत तडजोड नकोच. स्लॅबला भोके पाडण्याऐवजी पाया काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्या, नाहीतर पुढे छत गळायला लागू शकते. ठोकळ्यांचे वजन वाऱ्याचा जोर धरून ठरवलेले असावे. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत : डीसी बाजू (पॅनलकडची), एसी बाजू (घराकडची) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक. तिन्ही एकाच खड्ड्यात जोडून पैसे वाचवले, तर कडाडलेली वीज इन्व्हर्टरपर्यंत पोचू शकते.

आणखी एक गोष्ट विक्रेता बहुतेकदा सांगत नाही : बॅटरी नसलेली ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली यंत्रणा, पुरवठा खंडित झाला की भर दुपारीही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते.

पैसे कधी द्यावेत

अनुदान मागाहून थेट तुमच्या खात्यात येते. सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय तुम्हालाच करावी लागते, आणि त्यासाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात. शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. मीटर बसून यंत्रणा सुरू झाल्याची नोंद पोर्टलवर झाली की बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश भरा. त्यानंतर साधारण ३० दिवसांत रक्कम जमा होणे अपेक्षित असते.

पहिल्या बिलात निर्यात केलेल्या, म्हणजे वीज कंपनीला दिलेल्या, युनिटांचा आकडा बघा. इन्व्हर्टरच्या ॲपवर उत्पादन भरपूर, दिवसा घरातला वापर मोजका, तरीही निर्यात शून्य दिसत असेल, तर मीटरची जोडणी किंवा बिलातली नोंद चुकलेली असू शकते. मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून त्याच आठवड्यात वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा.