टोकियोहून एका दिवसाचं स्कीइंग, नवख्या मैत्रिणीला घेऊन

पुण्या-मुंबईची मैत्रीण हिवाळ्यात टोकियोला आली की तिला बर्फ बघायचा असतो, आणि बर्फ दिसला की स्कीसुद्धा करून बघायची असते. ही हौस एका दिवसात पुरी होते. मी नेते निइगाता प्रांतातल्या गाला युझावा या स्की रिसॉर्टला. जोएत्सू शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन टोकियो स्टेशनातून साधारण सव्वा ते दीड तासात थेट स्की सेंटरच्या इमारतीतच उतरवते. गाला युझावाचं हे स्टेशन चालतंच मुळी स्कीच्या हंगामापुरतं. खिडकीची जागा तिला द्या. टोकियोभोवतीच्या कांतोच्या मैदानात लख्ख ऊन असतं, मग २२ किलोमीटरचा दाइ-शिमिझू बोगदा लागतो आणि बाहेर पडताच सगळं पांढरं. सायबेरियाकडून आलेला थंड वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि निइगाताच्या डोंगरांना अडून तिथेच रिता होतो. आपल्या घाटमाथ्यावर धो धो आणि पलीकडे माणदेश कोरडा, तसंच हे.

स्की, बूट, काठ्या, जाकीट-पँट सगळं तिथे भाड्याने मिळतं. हातमोजे, टोपी आणि गॉगल मात्र बऱ्याच ठिकाणी भाड्याने देत नाहीत, ते आधीच घेऊन ठेवा. आत थर्मल घालायला सांगा, जीन्स नको. सुती कापड भिजलं की दिवसभर वाळत नाही. मोज्यांची एकच लांब जोडी घालायची. थंडी वाजेल म्हणून दोन जोड्या चढवल्या की बुटात घड्या पडतात आणि नडगी सोलवटते. सनस्क्रीन भरपूर लावा, बर्फावरून ऊन उलटून हनुवटीखालीही लागतं.

भाड्याच्या अर्जात वजन आणि उंची विचारतात. तिथे संकोच करू नका, खरे आकडे लिहा. पडल्यावर बुटातून स्की सुटावी म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं, हे त्यावरूनच ठरतं. वजन चुकीचं लिहिलं, तर स्की वेळेवर सुटत नाही किंवा भलत्या वेळी सुटते. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. बूट घातल्यावर टाच उचलली जात नाही ना, ते उभं राहून बघायला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला स्की येत असली तरी तिला तुम्ही शिकवू नका. सकाळचा वर्ग आधीच बुक करा. परदेशी पाहुणे येतात अशा बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून शिकवणारे प्रशिक्षक असतात. मैत्रिणीसमोर भीती लपवावीशी वाटते, प्रशिक्षकासमोर ती सहज बोलून दाखवते. शिवाय तेवढ्या वेळात तुम्हाला तुमच्या उतारांवर मनसोक्त फिरता येतं. भेटायची जागा आणि वेळ मात्र ठरवून निघा, कारण हेल्मेट-गॉगलमध्ये सगळे सारखेच दिसतात.

दुपारी एकत्र स्की कराल तेव्हा हिरव्या खुणेच्या उतारावरच राहा. जपानमध्ये हिरवा नवख्यांचा, लाल मधल्यांचा, काळा मुरलेल्यांचा. तिला दोनच गोष्टी जमल्या तरी दिवस सार्थकी लागला: स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबणं, आणि तोल जातोय असं वाटलं की कुशीवर बसकण मारणं. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठता घसरगुंडी सुरू होते. तुम्ही तिच्या मागे राहा, पुढे पळू नका. पुढच्या माणसाला वाट द्यायची जबाबदारी नेहमी वरून येणाऱ्याची असते, हेही तिला आधीच सांगा. ‘एकदा वरून तरी बघू’ म्हणून तिला लाल उतारावर नेणं मला अजिबात पटत नाही. अवघड उतारावर घाबरून बसलेल्या माणसाला खाली आणणं फार कठीण असतं.

ती शाकाहारी असेल तर जेवणाची सोय घरूनच करा. तिथल्या करी-राइसमध्ये बहुधा मांस असतं, आणि सूपमध्ये माशाचा अर्क. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेते, शिवाय स्टेशनवरच्या दुकानातून उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे. बाहेरचं खाणं कुठे चालतं तेवढं विचारून घ्या.

साडेतीनच्या सुमारास थांबा. पाय थकले की पडणं वाढतं, दुखापतीही तेव्हाच होतात. गाला युझावात गोंडोल्यात (दोरावरच्या पाळण्यात) बसून खाली येता येतं, तेव्हा शेवटच्या लांब उताराचा हट्ट नको. मग एक स्टेशन अलीकडे एचिगो-युझावाला उतरून ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातलं स्नान. तिथे अंगावर काहीही न घालता पाण्यात उतरायचं असतं आणि त्याआधी साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची असते. बायकांचा विभाग वेगळा असतो. हे तिला सकाळी गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे दारात जाऊन अवघडायला होत नाही. स्टेशनमध्येच निइगाताभरच्या साकेचे, म्हणजे तांदळाच्या मद्याचे, पेले चाखायची जागा आहे. आंघोळीनंतर थोडं पाणी पिऊन मगच तिकडे वळा. रविवार असेल तर परतीची राखीव जागा सकाळीच घ्या, संध्याकाळच्या गाड्या खचाखच भरतात.