शरदातील निरनिराळ्या धर्मांच्या सणांची मुलांना ओळख कशी करून द्यावी

भाद्रपद सरून आश्विन लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सणांची रांग लागते. एका घरात घट बसतात, पलीकडच्या घरी नेमिनाथांच्या किंवा महावीरांच्या पूजेची तयारी असते, आणि कॅम्प भागातील ख्रिस्ती कुटुंबे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी दफनभूमीतील कबरी स्वच्छ करायला घेतात. इतके सगळे हाकेच्या अंतरावर असूनही आपल्या मुलांना शेजारच्या सणाची ओळख बहुतेक वेळा ‘त्या दिवशी शाळेला सुट्टी असते’ एवढीच असते. ही ओळख माहितीचे परिच्छेद पाठ करून होत नाही. ज्यांचा तो सण आहे त्यांच्या तोंडून ऐकले आणि हाताने काहीतरी केले, तरच ती मनात राहते. पुढील पद्धत साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. एका वर्षात दोन किंवा तीनच सण निवडावेत, कारण दहा सणांची नावे घोकलेल्या मुलाच्या मनात त्यांतला एकही सण घर करीत नाही.

सुरुवात चंद्रापासून करावी. सर्वपित्री अमावास्येनंतर एका वहीत पंधरा वर्तुळे काढून द्यावीत आणि रोज संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात जाऊन मुलाने जेवढा चंद्र दिसेल तेवढा भाग रंगवावा. ढग असतील त्या दिवशी वर्तुळ रिकामे ठेवावे. पंधरवडा पूर्ण झाला की भिंतीवरचे कॅलेंडर समोर घेऊन समजावून सांगावे, की चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे असते, म्हणून दरवर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो. आपल्या पंचांगात हा फरक साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून भरून काढतात. २०२३ साली श्रावण दोनदा आला तो याच कारणाने. इस्लामी कालगणनेत अधिक मास नाही, त्यामुळे ईद आणि मोहरम दरवर्षी मागे सरकत साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतात. ‘ईद कधी पावसात आणि कधी उन्हात का येते?’ हा मुलांचा हमखास प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्यांना स्वतः रंगवलेल्या वर्तुळांतूनच मिळते. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती आणि अनेक शहरांत मुस्लिम बांधवांनी आपला जुलूस पुढे ढकलला, हेही मुलांना अवश्य सांगावे.

पंधरावे वर्तुळ भरते ती आश्विन पौर्णिमा. आपण कोजागरीला दूध आटवतो. कन्नड शेतकरी कुटुंबांत हीच ‘शीगी हुण्णिमे’ असते आणि त्या दिवशी शिवारात जाऊन उभ्या पिकाची व भूमीची पूजा करतात. थेरवादी बौद्ध परंपरेत भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचे व्रत, या पौर्णिमेला पूर्ण होतो. येथे पालकांनी एक काळजी घ्यावी. ‘सगळे सण शेवटी सारखेच’ असे म्हणून विषय संपवण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही आणि मुलांना ते पटतही नाही. चंद्र तोच असतो, परंतु कोणी लक्ष्मीची वाट पाहत जागतो, कोणी जमिनीचे आभार मानतो आणि कोणी व्रताची सांगता करतो. हा फरक तसाच, आदराने, मुलांपुढे ठेवावा.

दुसरी पायरी आपल्याच घरातली आहे. ज्या मुलाला स्वतःच्या सणाचा अर्थ सांगता येत नाही, ते दुसऱ्याला काय विचारावे हेच ठरवू शकत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याचे एक पान मुलाच्या तळहातावर ठेवावे. मधोमध दुभंगलेले, दोन पाकळ्या एका देठाला जोडल्यासारखे ते पान मधल्या शिरेवर अलगद मिटते, हे त्याला करून पाहू द्यावे. शेजारी शमीची डहाळी ठेवावी. तिची पाने बारीक, चिंचेच्या पानांसारखी ओळीने लागलेली असतात. मराठी घरांत आपटा देऊन ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतात, आणि कन्नड घरांत बन्नी म्हणजे शमी देऊन ‘बंगारा’सारखे राहूया असे म्हणतात. झाड वेगळे, भाषा वेगळी, आणि दोन्ही भाषांत तो शब्द सोन्याचाच आहे. भाषेवरून इतके ताणले गेलेल्या या भागात मुलाने दोन्ही वाक्ये म्हणायला शिकावे, असे मला मनापासून वाटते. एका घरासाठी चार-सहा पाने पुरतात. फांद्या ओरबाडू देऊ नयेत.

दसऱ्याच्याच दिवशी बौद्ध कुटुंबे धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी पांढरी वस्त्रे परिधान करून लोक विहारात वंदनेसाठी जातात. मुलांना हा दिवस ‘त्यांचा दसरा’ म्हणून सांगू नये, कारण त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा इतिहास आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष एका घरी जाणे. किमान आठवडाभर आधी विचारावे, ‘काकू, तुमच्याकडे त्या दिवशी काय करतात ते आमच्या मुलांना पाहता येईल का?’ नकार आला तर तो मान्य करावा. होकार आला तर मुलाने तीनच प्रश्न वहीत लिहून न्यावेत: हा दिवस कशाची आठवण आहे, तुम्ही लहान असताना काय करायचात, आणि आम्ही काय करू नये? यातला तिसरा प्रश्न मी अनुभवातून जोडला आहे. एका वर्षी दशलक्षण पर्वात मी जैन शेजाऱ्यांकडे बटाटेवडे घेऊन गेले होते. त्यांनी हसून स्वागत केले, पण डबा उघडला गेला नाही. कंदमुळे ते खात नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, हे त्या घरातील आज्जींनी माझ्या मुलीला शांतपणे समजावले. तेव्हापासून कोणाच्याही घरी काय न्यावे हे आधी विचारण्याचा नियमच आम्ही केला आहे.

निपाणी-चिकोडी भागात जैन समाज मोठा आहे, म्हणून दिवाळीची त्यांची बाजू मुलांना जरूर दाखवावी. आश्विन अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांचे पावापुरी येथे निर्वाण झाले अशी श्रद्धा आहे. त्या पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, निर्वाण लाडू अर्पण करतात आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. त्याच दिवाळीत शीख समाज बंदी छोड दिवस पाळतो. गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटताना बावन्न राजांनाही सोबत घेऊन बाहेर पडले, अशी त्यामागची कथा आहे आणि ती मुलांना फार आवडते.

मृत्यूचा विषय आपण मुलांपासून लपवतो, पण शरदात तो टाळता येत नाही, आणि माझ्या मते टाळूही नये. भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघरी म्हाळ घालतात. आजोबांना आवडणारी भाजी त्या दिवशी आवर्जून होते, पान वाढून आधी कावळ्यासाठी ठेवतात, आणि कावळा शिवेपर्यंत सगळे थांबून असतात. मुलाला त्या वेळी स्वयंपाकघरात बसवून आजोबांची एक गोष्ट सांगावी. नंतर २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, ख्रिस्ती मित्राच्या कुटुंबाने परवानगी दिली तर त्यांच्यासोबत दफनभूमीत जावे. तेथे कबरीवरची धूळ पुसली जाते, झेंडूची किंवा शेवंतीची फुले मांडली जातात, मेणबत्ती वाऱ्याने विझली की हाताचा आडोसा करून पुन्हा लावली जाते, आणि फादर प्रार्थना म्हणतात. आदल्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा सण असतो. म्हाळ पाहिलेल्या मुलाला येथे फारसे समजावून सांगावे लागत नाही. हे कुटुंब कोणाची आठवण काढते आहे, एवढेच ते विचारते.

याच जाणिवेने मोहरमचाही उल्लेख करावा. अनेक गावांत हिंदू घरेही पंज्यांना, म्हणजे मोहरमच्या हाताच्या आकाराच्या प्रतीकांना, नैवेद्य देतात, तरी आशुराचा, म्हणजे मोहरमचा दहावा, दिवस पैगंबरांचे नातू हजरत हुसेन यांच्या हौतात्म्याच्या शोकाचा आहे. म्हणून त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत आणि पंजाची प्रतिकृती हस्तकलेसाठी करू नये.

सुट्टीतील एक सकाळ बेळगावच्या किल्ल्यासाठी राखून ठेवावी. प्रवेशद्वाराजवळ दुर्गेचे मंदिर आहे, आत १२०४ साली रट्ट राजघराण्याच्या काळात बांधलेली कमल बस्ती आहे, आणि सोळाव्या शतकातील साफा मशीद आहे. बस्तीच्या छतावरचे दगडी कमळ मुलांना मान वर करून निवांत पाहू द्यावे. पादत्राणे कोठे काढायची आणि कोठवर जाता येते, हे प्रत्येक ठिकाणी तेथील माणसालाच विचारावे.

दूरचे सण सर्वांत शेवटी घ्यावेत, आणि तेही मराठीच्या वाटेने. कोकणातील बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके मराठी बोलत आले आहेत. त्यांच्या शरदातील नववर्षाला ‘नव्याचा सण’ आणि उपवासाच्या दिवसाला ‘दरफळणीचा सण’ अशी मराठी नावे होती. ती मुलांसमोर मोठ्याने उच्चारावीत, म्हणजे परका वाटणारा धर्म क्षणात ओळखीचा होतो. चीनमधील शरद पौर्णिमेचा सण, चंद्रासारखा गोल गोड पदार्थ वाटून साजरा होतो, एवढे सांगितले तरी पुरे.

आपण पाहुणे म्हणून गेलो तसे इतरांनाही बोलवावे, आणि दिवाळीचा किल्ला त्यासाठी उत्तम आहे. लाल माती चाळून भिजवावी, दगड-विटांचा उतार रचून त्यावर गोणपाट अंथरावे, मातीचा थर द्यावा, आणि हिरवळीसाठी पाच-सहा दिवस आधी मोहरी किंवा हळीव पेरावे. ज्या मित्रांच्या घरी मूल गेले होते, त्यांना पेरणीच्या दिवशीच बोलवावे. तयार किल्ला पाहायला बोलावण्यापेक्षा मातीत हात घालायला बोलावणे चांगले. पाडव्याला शेणाचे पांडव घालताना त्यांनाही गोळे वळू द्यावेत.

कार्तिक पौर्णिमेला त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात आणि गुरू नानक जयंतीही असते. त्या संध्याकाळी वही पुन्हा उघडावी. कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले ते मुलाने शेवटच्या पानावर लिहावे, प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या काकूंना किंवा चाचांना विचारायचा तेही लिहावे, आणि ते पान पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमागे टाचून ठेवावे.