आधी पडद्यावर जाळा, मग किट उघडा

आठवीला रोबोटिक्स शिकवताना पहिले काही तास मी किटच्या कपाटाला हात लावू देत नाही. आधी टिंकरकॅड सर्किट्स, म्हणजे पडद्यावरच सर्किट जोडून चालवून बघायचं साधन. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. आपण क्लास तयार करून कोड दिला की मुलं टोपणनावाने आत येतात, ईमेल लागत नाही. एका कॉम्प्युटरवर दोघंच बसवा: एकाकडे माउस, दुसऱ्याकडे वही, मध्येच अदलाबदल. तिसरा बसवलात तर तो खिडकीबाहेर बघतो.

पहिला तास जाळपोळीचा. ९ व्होल्टची बॅटरी थेट एलईडीला जोडायला सांगा. पडद्यावर स्फोटाची खूण उमटते आणि वर्ग खूश. मग हिशेब. लाल एलईडीने साधारण २ व्होल्ट घेतले, उरले ७. प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा तर रेझिस्टर किती? उत्तर ३५० ओहम. दुकानात मिळतो ३३० किंवा ३९०. कुठला घ्यायचा, यावर भांडू द्या.

माझा एकच हट्ट असतो. ‘स्टार्ट सिम्युलेशन’ दाबण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचं. नाहीतर मुलं नुसते आकडे बदलत बसतात आणि चाललं की, “बाई, झालं!”

पुढे आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर. अंतर काढून देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, देऊ नका. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १ सेंटिमीटर जाऊन परत यायला सुमारे ५८ मायक्रोसेकंद. प्रतिध्वनी १,१६० मायक्रोसेकंदांनी आला, तर अडथळा किती लांब? सिम्युलेशन चालू असताना सेन्सरवर क्लिक करून समोरचा ठिपका ओढला की उत्तर ताडून पाहता येतं.

मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला जोडायची नाही. पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, मोटरला त्याहून जास्त लागतो, म्हणून मध्ये एल२९३डी ही मोटर चालवणारी चिप.

आता कपाट उघडा. सेन्सरसमोर पुठ्ठा सरळ धरा, मग तिरका, मग जाड स्वेटर. आकडे कसे भरकटतात ते मुलांनाच टिपू द्या. किटमधल्या पिवळ्या बीओ मोटरी (गिअर असलेल्या छोट्या मोटरी) पडद्यावरच्या जोडीसारख्या एका वेगाने फिरत नाहीत, गाडी एका अंगाला ओढते. फरशीवर खडूने दोन मीटरची रेघ मारा, गाडी किती सरकली ते मोजा आणि जास्त पळणाऱ्या मोटरचा पीडब्ल्यूएम आकडा (कोडमधला वेग ठरवणारा आकडा) थोडा थोडा कमी करा. हे ताज्या सेलवर करा. सेल उतरले की जुळवलेला आकडा पुन्हा चुकतो.