वादळाचा जोर वहीत मांडताना या चुका टाळा

१३ ऑक्टोबर २०२०. बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं वादळ) सकाळी आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं. संध्याकाळी सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकू का?" माझ्यासमोर वादळाच्या नोंदींची वही उघडी होती. सकाळपासून वाऱ्याचा आकडा उतरत चालला होता. मी म्हटलं, "आरं, जमिनीवर आलं की जोर जातोच त्याचा. उद्या मळणी धर."

त्या रात्री हैदराबाद बुडालं. १४ तारखेला ते सगळं कलबुर्गीच्या बाजूनं आपल्यावर आलं. सीना, भोगावती, भीमा एकदमच फुगल्या. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. आमच्या गंजीला आठवड्याभरात कोंब फुटले. या वादळाला नाव नव्हतं, कारण मोजमापाच्या भाषेत ते चक्रीवादळ झालंच नव्हतं.

तेव्हापासून मी दर वादळाची नोंद नव्या पद्धतीनं ठेवतो. गेल्या काही हंगामांत बागायतदार मित्र आणि भूगोल शिकणारी पोरं मला त्यांचे तक्ते दाखवायला आणतात. त्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे लिहितो.

दर्जा म्हणजे पाऊस, असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून ती आधी. हवामान विभाग वादळाला जो दर्जा देतो तो फक्त केंद्राजवळच्या सलग वाऱ्यावरून. ताशी ३१ ते ५० किलोमीटर वारा म्हणजे डिप्रेशन, ५१ ते ६१ डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ (इथे नाव मिळतं), ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, १६७ पासून अत्यंत तीव्र आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. या उतरंडीत पावसाचा एक मिलिमीटरसुद्धा मोजलेला नाही.

सोलापूर कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत जवळपास तीनशे किलोमीटर आत आहे आणि काकीनाड्यापासून पावणेसातशे. समुद्रावरचा तो वारा आपल्यापर्यंत क्वचितच पोचतो. आपल्याकडे पोचते ती वाफ. जमिनीवर आलेल्या वादळाला खालून ऊब मिळत नाही, झाडं, घरं, डोंगर वाऱ्याला अडवतात, म्हणून वारा काही तासांत पडतो. पण वादळानं समुद्रावरून उचललेलं पाणी तितक्या लवकर संपत नाही. २०२० मध्ये तेच झालं. वारा मोजणाऱ्या रकान्यात आकडा खाली चालला होता आणि वर ढगात पाणी तसंच भरलेलं होतं.

उलट उदाहरण २०१९ च्या क्यार वादळाचं. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात ते महाचक्रीवादळ झालं, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. पण ते पश्चिमेला गेलं आणि कुठल्याही किनाऱ्यावर चक्रीवादळ म्हणून न धडकता समुद्रातच विरलं.

उपाय साधा आहे. वहीत वाऱ्यासाठी एक रकाना आणि पावसाच्या अंदाजासाठी दुसरा, अगदी वेगळा. पावसाची मोजपट्टीही वेगळी आहे: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. ताडपत्रीचा निर्णय दुसऱ्या रकान्यावरून घ्यायचा.

किनारा ओलांडला की वही मिटणं

२०२१ चं गुलाब चक्रीवादळ बघा. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ आलं. बातम्यांतून त्याचं नाव गेलं. अवशेष मात्र तेलंगण पार करून मराठवाड्यावर आले, तिथल्या नद्यांना महापूर आला, मग ते गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळ धरलं आणि शाहीन या नव्या नावानं ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानवर गेले. हवेची प्रणाली एकच होती, नावं दोन झाली. २०२० च्या आपल्या डीप डिप्रेशननंही तसंच केलं. महाराष्ट्र ओलांडून १७ ऑक्टोबरला अरबी समुद्रात ते पुन्हा डिप्रेशन झालं.

म्हणून नोंद नावावरून ठेवू नका, केंद्राच्या जागेवरून ठेवा. "विरले" असं वाचलं तरी पुढचे तीन दिवस अक्षांश-रेखांश लिहीत राहा. आपण दोन समुद्रांच्या मधल्या पठारावर राहतो. पूर्वेकडून आलेल्या वादळाचं उत्तरायुष्य आपल्याच डोक्यावरून जातं.

आकडा कोणाचा ते न बघता तुलना करणं

एकाच वादळाचा वारा एका ठिकाणी १६५ दिसतो, दुसऱ्या ठिकाणी १८५. लगेच व्हॉट्सॲपवर "खरा आकडा लपवताहेत" सुरू होतं. कोणी काही लपवत नाही. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी धरतो, अमेरिकन संस्था एका मिनिटाची, जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण दहा मिनिटांचं. जितका वेळ जास्त, तितकी सरासरी खाली. समुद्रावर दहा मिनिटांचा आकडा एका मिनिटाच्या आकड्यापेक्षा साधारण ७ टक्के कमी भरतो. त्यात क्षणिक झोताचा आकडा वेगळाच असतो आणि तो नेहमी मोठा असल्यानं मथळ्यात तोच येतो.

"कॅटेगरी ५" वगैरे भाषा अटलांटिकची. ती सॅफिर-सिम्पसन मोजपट्टी एका मिनिटाच्या वाऱ्यावर चालते, ११९ किलोमीटरला सुरू होते आणि २५२ ला पाचव्या पायरीवर जाते. ती आपल्या "अतितीव्र", "अत्यंत तीव्र" यांच्याशी जोडून लावू नका. शिवाय मराठी बातम्यांत हे शब्द इतके अदलाबदलीनं येतात की शब्द लिहून ठेवण्यात अर्थ नाही. आकडा, एकक आणि संस्था, तिन्ही एका ओळीत लिहा. आकडा नॉटमध्ये (तासाला समुद्री मैल) असेल तर किलोमीटरसाठी १.८५२ नं गुणा.

अंदाजाला मोजमाप समजणं

ही गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली, म्हणून जरा सविस्तर. भर समुद्रात वादळाच्या पोटात वारा मोजतं कोण? अटलांटिकमध्ये अमेरिकेची विमानं थेट डोळ्यातून (वादळाच्या मधल्या शांत भागातून) जातात आणि यंत्रं खाली सोडतात. आपल्या समुद्रांत अशी विमानं नियमित जात नाहीत. आपल्याकडे बहुतेक वेळा वाऱ्याचा आकडा ढगांच्या आकारावरून काढतात. व्हर्नन ड्वोराक या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं १९७० च्या दशकात ही रीत बसवली. उपग्रहाच्या चित्रात ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळलेत, डोळा दिसतो का, डोळा किती उबदार आणि भोवतालचे ढग किती थंड, यावरून १ ते ८ मधला टी-क्रमांक देतात, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं. टी २.५ म्हणजे साधारण ३५ नॉट, टी ४ म्हणजे ६५, टी ५ म्हणजे ९०, टी ७ म्हणजे १४०. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाचा जोर या टी ७ पर्यंत गेला होता.

आता यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, आकडा पाच-पाच नॉटच्या टप्प्यानं येतो. ८५ चे ९० झाले म्हणजे वादळ नक्की वाढलं असं नाही. दोन जाणकार एकच चित्र बघून अर्ध्या पायरीनं वेगळं बोलू शकतात. सलग तीन-चार नोंदी एका दिशेनं गेल्या तरच "वाढतंय" लिहा.

दुसरी फसगत वादळ उतरणीला लागल्यावरची. चित्रात ढग विस्कटलेले दिसतात आणि आपण म्हणतो, संपलं. पण ढग आधी मोडतात, समुद्रावरचा वारा मागून पडतो. म्हणूनच ड्वोराकच्या रीतीत उतरत्या काळात प्रत्यक्ष जोराचा क्रमांक चित्रातल्या क्रमांकापेक्षा वर धरायचा नियम आहे. इन्सॅट या भारतीय उपग्रहाचं चित्र बघून स्वतः निर्णय देणाऱ्यांनी हा नियम पाठ करावा.

एकाच दिवसाचा आकडा धरून बसणं

२०२३ च्या ऑक्टोबरमधलं ओटिस हे मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे साध्या वादळाच्या पायरीवर निघालं होतं. एका दिवसात ते पाचव्या पायरीवर चढलं आणि २५ तारखेला अकापुल्कोवर कोसळलं. लोक झोपताना जे ऐकून झोपले, त्याच्याशी मध्यरात्रीच्या वादळाचा काही संबंध उरला नव्हता. चोवीस तासांत वारा ३० नॉट, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर वाढला तर त्याला झपाट्यानं तीव्र होणं म्हणतात. तुमच्या वहीत आजच्या आकड्यातून कालच्या त्याच वेळेचा आकडा वजा करणारा रकाना हवाच. मी तो लाल पेनानं लिहितो.

उतरणीचा आकडाही असाच एकटा वाचू नये. अम्फान १८ मे २०२० ला महाचक्रीवादळ होतं आणि २० मेला पश्चिम बंगालवर आलं तेव्हा अतितीव्र. दोन पायऱ्या खाली, तरी नासधूस प्रचंड, कारण दरम्यान ते रुंदीला मोठं होतं आणि समुद्राचं पाणी ढकलत आणलं होतं. कधी डोळ्याभोवतीची ढगांची जुनी भिंत मोडून बाहेर नवी तयार होते. त्या वेळेत कमाल वारा कमी होतो, पण जोरदार वाऱ्याचा घेर वाढतो. वाऱ्याशेजारी हा घेरही लिहा.

आणि वारा वाढला की त्याचा रेटा वर्गानं वाढतो. १०० चे १४० झाले म्हणजे रेटा जवळपास दुप्पट. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ओढून बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मोबाईलमधला दाब बघून घाबरणं

दर वर्षी कोणीतरी विचारतं, "सर, माझ्या फोनवर दाब ९५८ दाखवतोय, बातमीत वादळाचा ९९० आहे. आपल्याकडे जास्त मोठं आलंय का?" नाही. बातमीतला दाब समुद्रसपाटीचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे मीटर उंच. दर नऊ मीटरला अंदाजे एक हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) उतरतो, म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवशीही आपला दाब पन्नासनं कमीच असणार. फोनच्या आकड्यात ५० ते ५३ मिळवा, मग तुलना करा.

आणखी एक. आपल्याकडे दाब रोजच दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास खाली. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. सकाळी दहाचा आकडा आणि दुपारी चारचा आकडा बघून "दाब पडतोय" असा निरोप गावभर फिरवू नका. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा.

घड्याळ, रंग आणि शंकू

या तीन गोष्टी पटकन सांगतो. उपग्रहाच्या चित्रावरची वेळ बहुधा जागतिक असते. त्यात साडेपाच तास मिळवा. ०३०० म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, आणि पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच मोजतात, त्यामुळे १४ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस १५ च्या नोंदीत येतो.

ॲपवरचा फिरणारा लाल-जांभळा वारा हा संगणकाच्या गणिताचा वारा आहे, मोजलेला नाही. त्याच्या चौकटी काही किलोमीटरच्या असतात, डोळ्याजवळचा अरुंद कडक पट्टा त्यात बोथट होतो. दहा दिवसांनंतरचं चित्र तर पुढे पाठवूच नका. तोपर्यंत ते वादळ जन्मलेलंही नसतं.

अंदाजाच्या नकाशावर वादळाच्या पुढच्या मार्गाभोवती काढलेला शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. केंद्र कुठे असू शकेल, एवढंच तो सांगतो. पाऊस शंकूच्या बाहेर शेकडो किलोमीटर पडतो.

हंगाम संपल्यावर आकडे न तपासणं

वादळ चालू असताना दिलेला आकडा घाईचा असतो. नंतर जहाजांच्या, किनाऱ्यावरच्या, उपग्रहांच्या सगळ्या नोंदी जुळवून अंतिम मार्ग आणि जोर ठरवतात. फ्लोरिडातलं १९९२ चं अँड्र्यू दहा वर्षं चौथ्या पायरीवर होतं; २००२ मध्ये फेरतपासणी होऊन ते पाचव्यावर गेलं. २०१८ च्या मायकेलचंही पुढच्या वर्षी तसंच झालं. पोरांनी प्रकल्पात बातमीतला आकडा आणि अंतिम अहवालातला आकडा मिसळले की आलेख मध्येच उडी मारतो आणि त्या उडीचं कारण शोधत बसतात.

माझ्या वहीत प्रत्येक नोंदीच्या उजवीकडे एक रकाना मोकळा सोडलेला असतो. अहवाल आला की तो हिरव्या शाईनं भरतो. २०२० च्या पानावर डावीकडे माझाच शेरा आहे, "जोर ओसरला". तो मी खोडलेला नाही. समोर हिरव्यात लिहिलंय: वारा ओसरला, पाऊस नाही, केंद्र चालू, सोलापूरकडे.