परदेशी कंपनीचं काम सोलापुरातून: कर कोण भरणार, पीएफचं काय?

जुळे सोलापुरातल्या घरी बसून मी एका जर्मन कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करते. पुण्याला खोली घेऊन राहावं लागत नाही, आई-वडील जवळ असतात, म्हणून इथली बरीच मुलं-मुली आता अशी कामं शोधतायत. त्यांना मी आधी एकच विचारते: कंपनी तुला नोकरीवर घेतेय की कंत्राटावर? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कंपनीचं भारतात ऑफिस नसेल तर बहुतेक वेळा कंत्राटच हातात पडतं. काही कंपन्या ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणजे मधल्या संस्थेमार्फत भारतीय पगारावर घेतात. तिथं टीडीएस, पीएफ रीतसर कापला जातो. असा पर्याय असेल तर पगार थोडा कमी दिसला तरी नीट विचार करा.

कंत्राटात कोणीच काही कापत नाही. पैसे बाहेरून आले म्हणजे करमुक्त, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ते साफ चूक आहे. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलात की तुम्ही इथले रहिवासी, आणि जगात कुठूनही झालेल्या कमाईवर इथं कर.

सॉफ्टवेअरवाल्यांना एक मोठी सोय आहे. वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत आणि त्यात रोख ५ टक्क्यांहून जास्त नसेल, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. जुन्या कायद्यात हे कलम ४४एडीए होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यानं कलमांचे आकडे बदललेत. २०२५-२६चं उदाहरण घ्या: जमा २४ लाख, दाखवलेलं उत्पन्न १२ लाख, दुसरी कमाई नसेल तर नव्या करप्रणालीत कर शून्य. त्यापुढे गेलात तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा. तुमचं काम लेखनाचं किंवा शिकवणीचं असेल तर ही सोय लागू होते का, ते सीएला आधी विचारा.

त्याच उदाहरणात जमा २० लाखांवर गेली, म्हणजे जीएसटी नोंदणी आली. सेवेच्या निर्यातीवर दर शून्य आहे, पण दर आर्थिक वर्षासाठी नवं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, द्यावं लागतं. ते नसेल तर १८ टक्के आधी भरून परताव्याची वाट बघायची. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तोही स्वतःच भरायचा.

प्रत्येक रकमेमागे बँकेचा परकीय जमेचा दाखला मागून घ्या. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, युरोतली रक्कम आणि पैसे कशासाठी आले ते सांगणारा पी०८०२ सारखा उद्देश कोड असतो. हे तिन्ही आपल्या इन्व्हॉइसशी जुळवून त्याच दिवशी फाइलला लावा.

आता पीएफ. आपल्या गावात घरी पानं आणून विड्या वळणाऱ्या बायकांना पीएफ मिळतो, कारण घरून काम करणारेही कामगारच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली ठरवलं. युरोत कमावणाऱ्या कंत्राटदाराला मात्र ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना भरपगारी बाळंतपणाची रजा. मला ही गोष्ट फार लागते, आणि म्हणूनच दर ठरवताना मी अडून बसते. नोकरीत मालक मूळ पगाराच्या १२ टक्के स्वतःच्या खिशातून घालतो. तेवढं, आरोग्य विम्याचा हप्ता आणि बिनकामाच्या दिवसांचे पैसे दरात धरलेच पाहिजेत. मी पीपीएफ आणि एनपीएसमध्ये महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे टाकते. नव्या करप्रणालीत स्वतःच्या या गुंतवणुकीवर वजावट मिळत नाही, तरी टाकते.

‘लॅपटॉप घेऊन सहा महिने युरोपात राहून काम करू का?’ असंही विचारतात. काम जिथं बसून करता तिथला देश कर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी दोन्ही मागू शकतो, आणि पर्यटक व्हिसावर कामाची परवानगी धरून चालू नका. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, पण तिथली वर्गणी टाळणारं प्रमाणपत्र ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) देते ते भारतीय मालकानं तात्पुरतं पाठवलेल्या पीएफ सदस्याला. आपल्यासारख्या कंत्राटदाराच्या ते कामाचं नाही. कर मात्र दोन्हीकडे लागला तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तिकडे भरलेल्याची इथं वजावट मागता येते. त्यासाठी तिथल्या भरण्याची पावती जपून आणा.