दिवसा ट्राम, रात्री मालगाडी: एफआरएकडे सवलतीचा अर्ज कसा लिहावा

अमेरिकेत मालगाडीच्या रुळांवर ट्राम चालवायची तर तिथल्या रेल्वे सुरक्षा नियामकाकडे, एफआरएकडे, काही नियमांतून सूट मागावी लागते. तो अर्ज लिहायला बसलात की कोष्टकापासून सुरुवात करू नका. मी माझा पहिला अर्ज तसाच केला होता. कोणता नियम पाळणार, कोणत्यातून सूट हवी, याचं चाळीस पानांचं सुबक कोष्टक, आणि रात्री रूळ मालगाडीच्या ताब्यात कसे द्यायचे यावर जेमतेम अर्धं पान. आमच्या वरिष्ठ बाईंनी ते अर्धं पान तेवढं वाचलं आणि गठ्ठा परत दिला. पुण्यातल्या ऑफिसांत बसून अमेरिकेतल्या रेल्वेची कामं करणारी मुलं मला याबद्दल विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी मुळातला पेच समजून घ्या. अमेरिकेत फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफआरए, देशभरच्या रेल्वेजाळ्यावर लक्ष ठेवते. शहरातली मेट्रो किंवा ट्राम त्या जाळ्याला जोडलेली नसेल तर ती एफआरएच्या कक्षेत येत नाही. तिच्यावर राज्याची सुरक्षा यंत्रणा देखरेख करते, हल्ली फेडरल नियमावलीच्या भाग 674 प्रमाणे. पण ट्राम मालगाडीच्या रुळांवर आली की ती जाळ्याला जोडली गेली. तिथे एफआरएचे नियम लागू होतात, आणि ते लिहिलेत अवजड गाड्यांसाठी.

एकच आकडा पाहा. प्रवासी डब्याच्या सांगाड्यानं टोकाकडून 8 लाख पौंड, म्हणजे सुमारे 363 टन, दाब सोसला पाहिजे असं भाग 238 सांगतो. ट्रामचा सांगाडा अमेरिकेतल्या जुन्या प्रथेप्रमाणे स्वतःच्या वजनाच्या दुप्पट दाबासाठी बांधत. गाडी 40 टनांची धरली तर 80 टन. मालगाडीच्या इंजिनापुढे त्या गाडीचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. ट्राम भक्कम करून हा प्रश्न सुटत नाही. त्या दोघी एका वेळी एका रुळावर येणारच नाहीत, अशी व्यवस्था करावी लागते.

10 जुलै 2000 रोजी एफआरएनं याबद्दलचं धोरण जाहीर केलं. ते भाग 211 च्या परिशिष्ट ‘अ’मध्ये आहे, एफआरएचा अधिकार कुठवर चालतो हे भाग 209 च्या परिशिष्ट ‘अ’मध्ये. दोन्ही छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरून वाचा. सगळा भर वेळेच्या विभागणीवर आहे: प्रवासी गाड्यांची वेळ वेगळी, मालगाड्यांची वेगळी. आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा तो पट्टा इंजिनिअरिंगवाल्यांच्या ताब्यात जातो आणि लोकल तिथे फिरकत नाही. तसंच हे, फक्त रोज रात्री.

चालू असलेल्या मार्गांचे कागद आधी वाचा. सॅन दिएगोची ट्रॉली 1981 साली सुरू झाली. 1976 च्या चक्रीवादळानं तिथल्या जुन्या रेल्वेचा वाळवंटातला मार्ग उखडला, मग तिथल्या संस्थेनं ती जुनी रेल्वे विकत घेतली आणि रात्रीची मालवाहतूक चालू ठेवली. सॉल्ट लेक सिटीची ट्रॅक्स 1999 ची. आमच्या न्यू जर्सीतली रिव्हर लाईन 2004 ची: कॅम्डेन ते ट्रेंटन, 34 मैल, स्टॅडलर कंपनीच्या डिझेल गाड्या. दिवसा प्रवासी, रात्री मालगाड्या, ही तिथली मूळ मांडणी. अर्ज आणि त्यांवरचे निर्णय सरकारी डॉकेटमध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या जाहीर नोंदीत, कुणालाही वाचता येतात. निर्णयपत्रातल्या अटी आधी वाचा, अर्ज नंतर. एफआरएला काळजी कशाची वाटते ते अटींवरून कळतं.

आता मुख्य भाग, ताबा देण्याघेण्याचा.

माझे वडील भुसावळला गार्ड होते. ते सांगायचे, इंजिन स्टेशनात आलं म्हणजे गाडी आली असं नसतं. शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी असते, रात्री लाल दिवा. ती खूण दिसली की गाडी पूर्ण आली, मागे डबा सुटलेला नाही. त्यानंतरच मागच्या स्टेशनाला पुढच्या गाडीसाठी लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, द्यायची. तुमच्या अर्जातल्या ताब्याच्या प्रकरणात हीच पाटी असली पाहिजे. ‘प्रवासी सेवा संपल्यावर मालवाहतूक सुरू होईल’ हे वाक्य पुरत नाही. सेवा संपली हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, कुणाला कळवलं, कुठे नोंदवलं? गाड्यांचे नंबर एकेक करून डेपोत जुळवले का? मालगाडीच्या बाजूचे सांधे कुलूपबंद आहेत का, डिरेल, म्हणजे चुकून पुढे आलेली गाडी रुळावरून उतरवणारे अडथळे, लावलेत का? हुकूम चुकला तरी चाक पुढे जाणार नाही, असा लोखंडी अडथळा दोन्ही टोकांना दाखवा. सकाळी रूळ परत घेतानाही हेच सगळं लिहा. लोक ते विसरतात, आणि पहिली ट्राम त्याच मार्गावरून जायची असते.

एका मार्गावर, नाव घेत नाही, मी रात्री नियंत्रण कक्षात बसून हा ताबाबदल पाहिला. सगळ्या ट्राम आत आल्या, फॉर्मवर टिकमार्क झाले, पडद्यावर रूळ रिकामे दिसत होते. तेवढ्यात रेडिओवर देखभालवाल्याचा आवाज आला. तो रुळावर चालणारा ट्रक घेऊन अजून मधल्याच पट्ट्यात होता. त्या ट्रकची चाकं इन्सुलेट केलेली असतात, त्यामुळे ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळांतल्या विजेच्या प्रवाहावरून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेला, तो दिसत नाही. फॉर्मवर ‘ट्राम’ असा रकाना होता, ‘ट्रक’ असा नव्हता. मालगाडीला अजून परवानगी दिली नव्हती, म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर शेवटचा रकाना असतो: रुळावरची माणसं आणि वाहनं, नाव आणि वेळेसकट. तुमच्याही फॉर्मवर ठेवा.

ट्रॅक सर्किटबद्दल आणखी एक. हलकी गाडी आणि गंजलेला रूळ ही जोडी वाईट. गंजाच्या थरामुळे चाकांतून प्रवाह नीट जात नाही आणि गाडी उभी असूनही पट्टा रिकामा दिसू शकतो. कमी वापरातल्या सायडिंगांवर हा धोका मोठा. तुमच्या मार्गावर तो कुठे आहे आणि तुम्ही काय करणार, ते स्वतःहून लिहा.

हे जमलं की कोष्टक सोपं जातं. प्रत्येक नियमापुढे तीनच गोष्टी: नियमाचा हेतू काय, तो आपल्या गाडीला का लागू पडत नाही, आणि त्याऐवजी तितकीच सुरक्षा कशानं मिळते. उदाहरणार्थ भाग 231, डब्याच्या बाजूच्या शिड्या आणि पकडायच्या दांड्या. शंटिंग करणारा माणूस बाहेर लटकतो म्हणून तो नियम. ट्रामला बाहेरून कुणी लटकत नाही. उलट रस्त्यावरून जाताना शिडी दिसली तर पोरं चढतील. इथे सूट मागणं रास्त आहे.

पण रुळांचा भाग 213, रुळावर काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचा 214 आणि फाटकांचा 234, यांतून सूट मागू नका. रूळ दोघींचे आहेत, फाटकावरचा ट्रॅक्टरवाला दोघींसमोर सारखाच उभा आहे. पुढच्या दिव्यांच्या त्रिकोणावरही पैसे वाचवू नका. त्या तीन दिव्यांवरून लांबच्या माणसाला गाडी ओळखू येते.

कुणीतरी जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराचं उदाहरण देईलच. तिथे 1992 पासून ट्राम मुख्य रेल्वेमार्गावर मोठ्या गाड्यांच्या बरोबरीनं, दिवसाढवळ्या धावते. ते काम फार सुंदर आहे. पण तिथे सिग्नल मोडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा आधीपासून होती. अमेरिकेत तशी यंत्रणा कायद्यानं सक्तीची झाली ती 2008 साली कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थला झालेल्या रेल्वे टकरीत 25 माणसं गेल्यावर. अर्जात कार्ल्सरूहे लिहायचं असेल तर ही बाजूही लिहा.

अर्ज दाखल झाला की जाहीर सूचना निघते आणि हरकती येतात, रेल्वे कामगारांच्या संघटनांच्याही. त्या मनापासून वाचा. रात्री दोन वाजता त्या सांध्यावर उभी राहणारी माणसं तीच आहेत, आणि कोणतं कुलूप थंडीत अडकतं हे त्यांनाच माहीत असतं. मंजुरी साधारण पाच वर्षांची असते, अटींसकट. म्हणून ताब्याचे भरलेले फॉर्म पहिल्या रात्रीपासून तारखेप्रमाणे लावून ठेवा. मुदतवाढ मागताना पहिला पुरावा म्हणून तेच जोडायचे आहेत.